फोटोत हिरवा, पिशवीत निळा

तक्रार एका ओळीची होती. 'फोटोत हिरवा होता, पिशवीतून निळा निघाला, पैसे परत करा.' सोबत त्या माशाचा फोटो होता, पुण्याच्या गिऱ्हाइकाने बाल्कनीत पिशवी उन्हात धरून काढलेला. मासा खरंच निळा होता. ज्या फोटोवर भुलून त्याने तो मागवला त्यात तो जवळजवळ पोपटी दिसत होता. आणि मासा तोच होता, बदललेला नव्हता.

अण्णांनी पैसे परत केले, मासाही त्याच्याकडेच राहू दिला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. म्हणाले, "तुझ्यासारखा कॅमेरा घ्यायचाय. पस्तीस हजार आहेत. त्याच्यावर एक रुपया नाही."

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले. खाली टॉवेलचा कारखाना, सहा माग, आणि वर माडीवर पत्र्याच्या खोलीत मासे. फायटर माशांच्या शंभरावर बरण्या आणि गप्पींच्या नऊ टाक्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि माशांशी बोलताना काहीही. मोबाईलवरून विक्री बघते ती त्यांची मुलगी. ती कॉलेजात आहे आणि मला काका म्हणते. मी लग्नाचे फोटो काढतो. माशातलं मला काही कळत नव्हतं, त्यांना कॅमेऱ्यातलं कळत नव्हतं, आणि हा सगळा मामला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालला. त्यातल्या माझ्या चुकाही इथे लिहिल्या आहेत, कारण निम्मा वेळ त्यातच गेला.

तक्रारी नेमक्या कुणाच्या

कॅमेरा घ्यायच्या आधी मी मुलीला एकच काम सांगितलं. आतापर्यंत रंगावरून जेवढ्या तक्रारी आल्या, त्या सगळ्या चॅटमधून शोधून काढ. तिने रात्रीत काढल्या. लाल माशाबद्दल एकही तक्रार नव्हती. पिवळ्या किंवा काळ्या माशाबद्दलही नव्हती. सगळ्या तक्रारी निळ्या, हिरवट, तांबूस चमक असलेल्या माशांच्या, म्हणजे ज्यांना हे लोक टर्क्वाइज, स्टील ब्लू, कॉपर म्हणतात त्यांच्या.

यामागे कारण आहे. फायटरच्या अंगातला लाल, पिवळा, काळा हे रंगद्रव्याचे रंग. निळा-हिरवा तसा नसतो. त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक थराथराने रचलेले असतात आणि त्यांच्यावरून उजेड परावर्तित होताना तो रंग तयार होतो. मोरपिसासारखं. उजेड कुठल्या कोनातून आला आणि आपण कुठून बघतोय, यावर त्याची छटा फिरते. म्हणून तोच मासा सकाळी खिडकीशी निळा आणि संध्याकाळी ट्यूबखाली हिरवट दिसतो. पुण्याचा माणूस खोटं बोलत नव्हता आणि अण्णाही फसवत नव्हते.

त्यात दोन भर. एक म्हणजे बरण्यांवर लावलेली आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी पट्टी. हिच्या उजेडात लाल आणि निळा भरपूर, हिरवा कमी, म्हणून सगळं गुलाबी-जांभळट दिसतं आणि मासे दुकानात दिसतात तसे झगझगीत. फोनला हा उजेड गुलाबी वाटतो, तो आपल्या मनाने तो गुलाबीपणा मारायला जातो आणि चित्रात हिरवा वाढवून ठेवतो. दुसरी भर बदामाच्या पानांची. फायटरवाले जंगली बदामाची वाळकी पानं पाण्यात टाकतात. त्यातून टॅनिन उतरतं आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. माशाला ते मानवतं. पण कोऱ्या चहातून निळा मासा बघितला तर तो निळा कसा दिसेल?

तेव्हा ठरलं की यांना सुंदर फोटो नकोय. पिशवीतून निघणारा मासा आणि फोटोतला मासा एक दिसला पाहिजे. लग्नात माझं काम बरोबर उलटं असतं, म्हणून हे डोक्यात बसायला मला जरा वेळ लागला.

मी केलेला घोळ

माझ्याकडे १०० मि.मी.ची मॅक्रो, म्हणजे लहान वस्तू जवळून टिपायची लेन्स आहे. अंगठ्या, मंगळसूत्र, मेंदी यांच्यासाठी घेतलेली. ती, ट्रायपॉड आणि एक मोठा एलईडी पॅनल घेऊन मी एका दुपारी माडीवर गेलो. मनात होतं की एका तासात दाखवून देऊ आणि म्हणू, हेच सेकंडहँड शोधा.

पहिली अडचण जागेची. मांडणी आणि भिंत यांच्यात अडीच फुटांची बोळ. सहा-सात सेंटिमीटरचा मासा चौकटीत जरा मोकळा बसवायचा म्हटलं तर १०० मि.मी.ची लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दोन फूट मागे जायला सांगते. पाठ भिंतीला, ट्रायपॉडचे पाय बरण्यांना, आणि मी मध्ये. शिवाय लेन्स काचेपासून जितकी लांब, तितकं काचेत जास्त काही दिसतं. माझा शर्ट, खिडकी, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं माशाच्या पोटावर.

दुसरी अडचण मला दिसलीच नाही. १/३० सेकंदाला मी स्थिर उभ्या माशाचे तीस-चाळीस फोटो काढले आणि सगळे मऊ, म्हणजे धूसर. मासा हलला म्हणावं तर मागचं पानही मऊ, बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतली अक्षरंही दुहेरी. मी लेन्सवर संशय घेतला. मग काचेवर. सोलापूरच्या पाण्याने काचेवर पांढऱ्या क्षाराचे थर बसतात, त्यावरही घेतला. काच व्हिनेगरने पुसली, तरी तेच.

कोडं मुलीने सोडवलं, तेही जेवायला बोलवायला येऊन. खाली जेवणाची सुट्टी झाली आणि माग थांबले. तिने सहज एक फोटो काढला. तीच लेन्स, तोच मासा, तोच वेग. चिठ्ठीवरची तारीख कोरल्यासारखी स्पष्ट आली. सहा माग चालू असले की ती माडी थरथरते. तिथे जन्मलेल्यांना ते जाणवत नाही आणि मला आवाजापुढे थरथर कळली नाही. बरणी, पाणी, ट्रायपॉड सगळं आपापल्या तालात हलत होतं. आधी वाटलं होतं चांगल्या लेन्सने हे सुटेल. दीड लाखाची लेन्स लावली असती तरी ती मागांबरोबर हलली असती.

आता माग बंद करून फोटो काढा असं कारखानदाराला सांगणारा मी कोण? तेव्हा थरथरीतही चालेल असा उजेड हवा, म्हणजे फ्लॅश. स्पीडलाइट, म्हणजे सुटा फ्लॅश, कमी ताकदीवर लावला की तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो. कॅमेऱ्याचा पडदा १/२०० ला उघडा असला तरी चित्र घडतं ते त्या क्षणात. माग हलला, मासा वळला, काही फरक पडत नाही. आणि खोलीतला बाकी उजेड चित्रात पोचलाच नाही तर आरजीबी पट्टीचा रंगही आपोआप कटतो. थरथर आणि रंग या दोन वेगळ्या वाटणाऱ्या दुखण्यांना औषध एकच निघालं. इथून पुढे खरेदीचा क्रम उलटा झाला. आधी फ्लॅश, मग टाकी, कॅमेरा शेवटी.

पस्तीस हजारांत काय बसतं

अण्णांच्या पुतण्याचं म्हणणं होतं की मॅक्रोवाला नवा फोन घ्या, फोन म्हणून तरी कामाला येईल. म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. पण स्वस्त फोनमधली 'मॅक्रो' लेन्स बहुधा २ मेगापिक्सेलची असते आणि चार सेंटिमीटरच्या आसपासच नीट बघते. मासा काचेला नाक लावून उभा राहिला तरच फोटो. आणि फोन बाहेरच्या फ्लॅशशी सहसा बोलत नाही, तिथेच तो बाद झाला. नवा मिररलेस कॅमेरा बॉडी आणि लेन्ससह बजेटच्या बाहेर होता. चांगला असतो, पण इथे पैसे मोजून घेतलेलं त्याचं चपळ फोकसिंग बरणीतल्या फायटरवर वाया जाणार.

राहिला जुना डीएसएलआर. माझ्या यादीत कॅननचा ७०० डी होता. २०१३ सालचा कॅमेरा, १८ मेगापिक्सेल, फिरता स्क्रीन, फ्लॅशसोबत १/२०० पर्यंत वेग. गिऱ्हाईक फोटो फोनच्या पडद्यावर बघणार, त्याला १८ मेगापिक्सेल डोक्यावरून पाणी. वायफाय नाही, पण कार्ड रीडर फोनला लावला की भागतं. कुणीतरी २०० डी मार्क टू सुचवला होता, तो नवा आणि हलका आहे. पण त्याच्या हॉट-शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या पट्टीत, मधली पिन नाही. फ्लॅश उडवणारे साधे, स्वस्त ट्रिगर त्या पिनवरच चालतात. ज्याला फ्लॅशच मुख्य आहे त्याने जुना कॅमेरा घेताना आधी त्या पट्टीकडे बोट घालून बघावं, शटर किती वेळा उघडलंय ते नंतर.

खरी घासाघीस लेन्सवर झाली. माशांचे फोटो म्हणजे मॅक्रो, हे मुलीने सगळीकडे वाचलं होतं आणि तिला कॅननची ६० मि.मी. हवी होती. लेन्स उत्तमच. पण तिच्यासाठी फ्लॅश किंवा कॅमेरा यातलं एक सोडावं लागलं असतं. मी कागद घेतला.

७०० डी सोबत येणारी १८-५५ एसटीएम किट लेन्स जवळात जवळ गेली की वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या ०.३६ पट सेन्सरवर उमटते. सेन्सरची रुंदी २२.३ मि.मी. भागाकार केला की ६२ मि.मी. येतात. म्हणजे सहा सेंटिमीटर रुंदीचं दृश्य चौकट भरून घेता येतं. नर फायटर शेपटीसकट सहा-सात सेंटिमीटर. पूर्ण मासा दाखवायचा असेल तर किट लेन्स फायटरला पुरते, मॅक्रोची गरजच नाही!

गप्पीला मात्र पुरत नाही. नर तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, चौकटीत अर्धा रिकामा राहतो. त्याला उपाय एक्स्टेंशन ट्यूब. बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी, आत काच नसते. १३ मि.मी.ची नळी ५५ मि.मी.च्या लेन्समागे लावली की सुमारे ०.२४ ची भर पडते. ०.३६ चं ०.६० होतं आणि चौकट ३७ मि.मी.वर येते. गप्पीच्या मापाचीच. फक्त नळी विजेचे टोक असलेली हवी. बाजारात पाचशे रुपयांत मिळणाऱ्या बिनटोकाच्या नळीवर कॅननच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही, आणि एसटीएम लेन्सचं तर फोकसही फिरत नाही, कारण तिची फोकसची कडी मोटरवर चालते. अशी एक नळी मी स्वतः कधीकाळी घेतलेली आहे. सध्या ती पेन ठेवायला आहे.

एका सकाळी मुलगी आणि मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. बॉडी आणि किट लेन्स साडेसतरा हजारांना मिळाली. दुकानदाराने त्यासोबत एक जुनी मॅक्रो स्वस्तात देऊ केली. टॉर्च मारून बघितली तर आत बुरशीचं जाळं. ठेवली तिथेच. फ्लॅश गोडॉक्सचा टीटी६००, तो मॅन्युअल आहे, त्याला टीटीएल नाही, म्हणजे त्याची ताकद कॅमेरा आपोआप ठरवत नाही. इथे ते नसणं बरंच, कारण काळ्या पार्श्वभूमीला कॅमेरा अंधार समजतो आणि फ्लॅश वाढवून मासा पांढरा करून टाकतो. बिनतारी ट्रिगर, टोकवाल्या नळ्या, चार्ज होणारे आठ सेल. सगळं धरून तीस हजारांच्या आत आलं. अण्णांनी उरलेले पाच बाजूला ठेवले, लेन्ससाठी म्हणून.

चारशे रुपयांची टाकी

सगळ्या खरेदीत मोलाची वस्तू कुठली म्हणाल तर ही. फोटोसाठी वेगळी, लहान, अरुंद टाकी. आठ इंच लांब, सहा इंच उंच आणि खोली फक्त तीन इंच. आत पाठीमागे एक सुटी काच सरकवायची, म्हणजे खोली दीड इंचावर येते. मासा पुढे-मागे जाऊच शकत नाही, फोकस एकाच अंतरावर राहतं. गोल बरणीतून फोटो काढायचा प्रयत्नही करू नये, वक्र काच आणि पाणी मिळून भिंग तयार होतं आणि फायटरची शेपटी ताणली जाते. शेपटी १८० अंश उघडते म्हणून 'हाफमून' म्हणून विकायचा आणि फोटोत ती वाकडी, असं चालत नाही.

काच आमच्या इथल्या टाकीवाल्याने ४ मि.मी.ची लावली. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून तिची कड हिरवी दिसते. जाड काचेतून तो हिरवा थोडा चित्रातही उतरतो. एवढ्या लहान टाकीला जाड काचेची गरज नाही. लेन्स काचेला काटकोनात ठेवायची, तिरकी धरली की माशाच्या कडेला रंगीत रेघ येते आणि डोळा मऊ पडतो. एवढं पाळलं की महागाची काच लागत नाही.

पाण्याचं प्रकरण आमच्या गावाला साजेसं. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांच्या फरकाने येतं, आणि बोअरचं पाणी जड. फोटोसाठी स्वच्छ पाणी हवं, पण अचानक वेगळ्या पाण्यात टाकलं की मासा दबतो, रंग टाकतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो. अण्णांनी यावर स्वतःच तोड काढली. नळाचं पाणी आलं की एक पिंप फोटोसाठी वेगळं भरायचं, दोन दिवस हवा सोडून मुरू द्यायचं, आणि ज्या बरण्यांतले मासे रविवारी फोटोला घ्यायचेत त्यांचंही पाणी त्याच पिंपातून बदलायचं. बदामाचं पान त्या आठवड्यात नाही. म्हणजे मासा आणि टाकी दोन्ही एकाच पाण्यात. तळाला काही घालायचं नाही, कारण उडालेला एकेक कण फ्लॅशमध्ये चांदणीसारखा चमकतो.

फायटरला जाळीने उचलू नये, पर फाटतात. हे मला अण्णांनी ओरडून शिकवलं. ग्लासाने उचलायचा, टाकीत सोडायचा आणि अर्धा तास विसरायचं. मग तो स्वतःच रंगावर येतो. आरसा दाखवला की गालफडं फुगवून पर पसरतो, पण आरसा दोन मिनिटांवर ठेवायचा नाही, दमतो. माझी भर एवढीच की फायटर हवेतूनही श्वास घेतो, थोड्या थोड्या वेळाने वर येतो आणि घोट घेऊन परत खाली उतरतो. उतरताना पर आपोआप मोकळे होतात. त्या क्षणाची वाट बघायची. लग्नात नवरीने मान वर करण्याची बघतो तशीच.

टॉवेल, थर्माकोल आणि फ्लॅश

फ्लॅश टाकीच्या वर, पाण्यापासून सुमारे आठ इंच, तोंड खाली आणि किंचित पुढे कललेलं. मध्ये बटर पेपर. पाण्यावर काचेची झाकणी, कारण फायटर उडी मारतो आणि फ्लॅशमध्ये भरपूर दाबाची वीज साठलेली असते, तो पाण्यात पडता कामा नये. स्टँडला वाळूची पिशवी बांधली. टाकीखाली पांढरा थर्माकोल, नाहीतर पाठ उजळ आणि पोट काळं येतं.

पार्श्वभूमीला मी काळा वेल्वेट कागद सांगणार होतो. अण्णा खालून काळा टॉवेल घेऊन आले, डाग पडला म्हणून परत आलेला माल. टेरी टॉवेलच्या त्या उभ्या फासांत उजेड शिरतो तो परत येत नाही. मखमलीला तोडीस तोड. दुसऱ्या टॉवेलला मध्ये भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढली आणि तो पडद्यासारखा टाकीसमोर सोडला. काचेतलं माझं तोंड, कॅमेऱ्यावरची पांढरी अक्षरं, खिडकी, सगळं गेलं. टॉवेल नवा असेल तर एकदा धुऊन घ्या, नाहीतर तंतू उडतात आणि वर लिहिलेल्या चांदण्या होतात.

सेटिंग: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, छिद्र एफ/११, वेग १/२००, फ्लॅश १/८ ताकदीवर. छिद्र एफ/१६ च्या पुढे नेलं तर इतक्या जवळून चित्र उलट मऊ होतं, म्हणून तिकडे गेलो नाही. १/२०० पेक्षा वेग वाढवला की या कॅमेऱ्यात फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. सुरुवातीला दर वेळी एक चाचणी करायची. फ्लॅश बंद करून याच सेटिंगला एक फोटो काढायचा. तो ठार काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे खोलीतला कुठलाच उजेड चित्रात येत नाही, रंग फक्त फ्लॅशचा. काही दिसलं तर पट्टी बंद करा किंवा खिडकी झाका. खोली मात्र पूर्ण अंधारी करायची नाही. माशाला पापणी नसते, अंधारात एकदम फ्लॅश उडाला की तो दचकून काचेवर आपटतो. साधी ट्यूब चालू ठेवायची, एफ/११ ला ती फोटोत येतच नाही.

फोकस हाताने. लेन्स ठरावीक अंतरावर लावून ठेवायची आणि स्वतः दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे डुलायचं, डोळा स्पष्ट झाला की दाबायचं. पहिल्या रविवारी दोनशेच्या वर फोटो काढले, कामाचे अकरा. खाली माग चालू होते.

रंग जुळवणं

फोटो आता लखलखीत होते, तरी मूळ दुखणं उरलंच होतं. निळ्याची छटा कोनावर फिरते, मग फ्लॅशच्या कोनातली खरी की खिडकीतली? पहिल्या दिवशी मुलीने फ्लॅश कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवला होता आणि एकच मासा तीन रंगांत निघाला. आम्ही फ्लॅश, टाकी आणि स्टूल यांच्या जागा फरशीवर रंगीत टेप लावून पक्क्या केल्या. मासा काचेला समांतर, बाजूने दिसत असेल तोच फोटो ठेवायचा. तिरके फोटो दिसायला भारी येतात, ते गाळायचे.

मग ग्रे कार्ड. राखाडी कार्डाचा तुकडा टाकीतल्या पाण्यात, मासा जिथे असतो तिथे बुडवून फोटो घ्यायचा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावायचा, म्हणजे राखाडी तो राखाडीच दिसेल असं कॅमेऱ्याला सांगायचं. पाणी, काच, बटर पेपर या सगळ्यांचा रंग एका फटक्यात वजा होतो. कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल 'फेथफुल'. कॅमेरा स्वतःहून जो भडकपणा घालतो तो यात नसतो. मुलीला हे फोटो फिके वाटले. वाटणारच, दोन वर्षं ती आरजीबीखालचे फोटो बघत होती. अण्णांनी मासा ग्लासात घेतला, गच्चीच्या दाराशी सावलीत धरला, शेजारी फोनवर फोटो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाच हाय."

त्यातूनच पुढची रीत निघाली, आणि ती अण्णांची. प्रत्येक माशाचा फ्लॅशमधला एक फोटो, आणि त्याच दाराशी, सावलीच्या उजेडात ग्लासातल्या माशाचा दहा सेकंदांचा साधा मोबाईल व्हिडिओ. मासा वळतो तसा त्याचा रंग फिरताना गिऱ्हाइकाला दिसतो. फोटो पर आणि आकार दाखवतो, व्हिडिओ रंगाबद्दल बोलतो. मी एवढा खटाटोप केल्यावर निम्मं काम बिनकॅमेऱ्याच्या उपायाने व्हावं, हे मला जरा लागलं. पण अण्णांचं म्हणणं बरोबर होतं. फिरणारा रंग एका स्थिर फोटोत पूर्ण सांगता येतच नाही.

पुढे

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, सगळा साठा नव्याने टिपून झाला. पुण्याच्या त्याच गिऱ्हाइकाने फेब्रुवारीत जोडी मागवली, व्हिडिओ दोनदा मागून घेतला. काही बोलला नाही, म्हणजे ठीक. त्यानंतर रंगाची एकच तक्रार आली, कॉपर माशाची. त्याची तांब्याची झाक व्हिडिओतही कधी सोनेरी, कधी जवळजवळ राखाडी दिसते. आता कॉपरचे दोन फोटो पाठवतात, एक फ्लॅश वर ठेवून, एक समोरून तिरका ठेवून, आणि खाली लिहितात की मासा या दोन्हींच्या मधला आहे.

गप्पींचं काम अजून कच्चं आहे. नळी लावली की लेन्स काचेच्या अगदी जवळ जाते आणि गप्पी एका जागी ठरत नाही. दीड इंचाच्या जागेतही तो फोकसमधून निसटतो. सुटी काच आणखी पुढे सरकवून बघितली तर मासे बिचकले. मुलीचं म्हणणं, ६० मि.मी.ची लेन्स असती तर थोडं मागून, आरामात निघाले असते. आणि या बाबतीत ती बरोबर आहे. किट लेन्सचा माझा हिशेब फायटरपुरता खरा ठरला, गप्पीसाठी तो ओढूनताणून बसवलेला होता.

मार्चअखेर पत्रा तापायला लागला. एप्रिलात बाहेर ४० च्या वर गेल्यावर खोलीतल्या बरण्यांचं पाणी दुपारी ३३ अंशांना टेकलं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, रंग उतरले. अशा माशाचा फोटो काढून विकणं म्हणजे परत पहिल्यासारखंच, म्हणून फोटो बंद केले. लेन्ससाठी ठेवलेल्या पाच हजारांत दुसऱ्या आठवड्यात कूलर आला. त्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरेल म्हणून कॅमेऱ्याचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या घालून, खाली मुलीच्या कपाटात गेला.